अहो काका, जपानमध्येही काँगच पोहत घरी गेला

आधी झालं काय ते सांगते, म्हणजे मी एवढी का तापलेय ते कळेल.

ताईच्या सोसायटीत गणपतीत मुलांची क्विझ असते. माझा भाचा अकरा वर्षांचा, राक्षसी प्राण्यांच्या पिक्चरचं त्याला इतकं वेड की रॅपिड फायरला सगळ्यांनी त्यालाच पुढे बसवलं होतं. शेवटचा प्रश्न, दोन्ही टीम बरोबरीत, आणि प्रश्न काय, तर १९६२ च्या 'किंग काँग व्हर्सेस गॉडझिला'च्या जपानी व्हर्जनमध्ये कोण जिंकतं? (काँग म्हणजे राक्षसी माकड, गॉडझिला म्हणजे डायनासोरसारखा राक्षस. सिनेमा जपानचा, अमेरिकेत तो बदल करून लावला होता.) ह्याने ताटलीवर चमचा आपटला (बझर तोच होता) आणि ओरडला, काँग! क्विझवाल्या काकांनी हातातला कागद बघितला, हसले आणि म्हणाले, चूक, अमेरिकेत काँग आणि जपानमध्ये गॉडझिला. पाच मार्क गेले, बक्षीस गेलं. हा म्हणतोय मी बघितलाय, मावशीबरोबर बघितलाय, तर काका म्हणाले, बाळा, तू अमेरिकेतला बघितला असशील.

नाही काका. आम्ही दोन्ही बघितलेत.

रात्री ताईने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर काकांनी पुरावा म्हणून एक फॉरवर्ड टाकला. 'सिनेमातली लपवलेली सत्यं' असलं काहीतरी नाव, सहा मुद्दे, खाली 'अभिमानाने शेअर करा'. ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, तो जेवला नाहीये. आता त्या सहा मुद्द्यांचं काय करायचं ते मी करते.

पहिला मुद्दा: सिनेमाचे दोन शेवट शूट केले होते, जपानसाठी गॉडझिला विजयी, अमेरिकेसाठी काँग विजयी.

साफ खोटं. शेवट एकच आहे. फुजी पर्वतावर मारामारी सुरू होते, ती गडगडत अतामीच्या किल्ल्यापर्यंत येते, दोघं दोन बाजूंनी त्या किल्ल्याचा चुराडा करतात आणि कड्यावरून समुद्रात पडतात. (किल्ला म्हटल्यावर आपल्याला वाटतं तीनचारशे वर्षांचं काहीतरी असेल, पण तो १९५९ मध्ये टूरिस्ट लोकांसाठी बांधलेला, म्हणजे शूटिंगच्या वेळी जेमतेम तीन वर्षांचा.) मग पाणी उसळतं, जमीन हादरते, सगळे बघत उभे, आणि पाण्यातून वर येतो फक्त काँग. तो पाठ फिरवून आपल्या बेटाकडे पोहत निघतो. गॉडझिला वर येतच नाही. जपानी पडद्यावर हेच, अमेरिकन पडद्यावरही हेच.

आणि हे मी कुठेतरी वाचून सांगत नाहीये. क्रायटेरियन कंपनीने २०१९ मध्ये १९५४ ते १९७५ चे पंधराच्या पंधरा गॉडझिला सिनेमे एका बॉक्समध्ये काढले, त्यात ह्या सिनेमाचं अमेरिकन व्हर्जनही आहे आणि जपानीसुद्धा. एका मैत्रिणीने तो बॉक्स अमेरिकेहून आणला, तो मी अजून परत केलेला नाही. मेच्या सुट्टीत भाच्याने आणि मी आधी एक बघितलं, दुसऱ्या दिवशी दुसरं, आणि शेवटची दहा मिनिटं तर रिमोट घेऊन पुढेमागे करत. ज्याला शंका असेल त्याने घरी यावं, चहा मी करीन.

ही अफवा आली कुठून, तेही सांगते, कारण ते ऐकून मला सगळ्यात जास्त हसू आलं. साठच्या दशकात अमेरिकेत 'स्पेसमेन' नावाचं मासिक निघायचं, त्यात छापून आलं की जपानमध्ये गॉडझिला जिंकतो. त्या काळी अमेरिकेत बसून जपानी व्हर्जन बघायची सोयच नव्हती, पुढे कित्येक दशकं नव्हती, म्हणजे तपासणार कोण? एकाने छापलं की दुसऱ्याने उचललं. आणि मग १९८० च्या दशकात ते पोचलं ट्रिव्हियल पर्सूट ह्या खेळात, म्हणजे चक्क क्विझच्या कार्डावर! प्रश्न हाच, चुकीचं उत्तरही हेच. म्हणजे एका क्विझने चूक केली आणि चाळीसएक वर्षांनी ती चूक फिरत फिरत येऊन आमच्या पोराच्या डोक्यावर आपटली.

आता दुसरा मुद्दा. माझं डोकं खरं फिरलं ते इथे. फॉरवर्डमध्ये लिहिलंय की 'युद्धात हरलेल्या जपानी जनतेला आपला गॉडझिला अमेरिकन माकडाकडून हरलेला सहन झाला नसता, म्हणून निर्मात्यांनी राष्ट्राभिमानापोटी वेगळा शेवट ठेवला', आणि त्याखाली 'आपण कधी शिकणार?'

उचलली जीभ लावली टाळ्याला! एका वाक्यात अख्ख्या देशाचा स्वभाव सांगून मोकळे झाले, वर आपल्यालाही धडा. हा सिनेमा बनवणाऱ्या जपानी माणसांना काय वाटत होतं हे कुणी बघायचे कष्ट घेतलेत का?

स्पेशल इफेक्ट्स केले एइजी त्सुबुराया ह्यांनी. ह्या माणसाने १९३३ चा 'किंग काँग' बघितला आणि आयुष्यात हेच करायचं असं ठरवलं. म्हणजे काँग नसता तर कदाचित गॉडझिलाही नसता. अशा माणसाच्या हातात तीस वर्षांनी काँग आला तर तो त्याला हरवायला बघेल का? सिनेमाच्या जपानी नावातसुद्धा काँगचं नाव आधी येतं, मग गॉडझिला. शिवाय १९६२ मध्ये गॉडझिला कुणाचा 'आपला' बिपला नव्हता. आज आपण खेळणी बघतो, टी-शर्ट बघतो, म्हणून आपल्याला तो जपानचा हिरो वाटतो. तोपर्यंत त्याचे सिनेमे होते दोन, १९५४ चा आणि १९५५ चा, आणि दोन्हींत तो शहरं जाळणारं संकट होता. ह्या तिसऱ्यातही तो बर्फातून बाहेर येतो तेच नासधूस करत. हिरोबिरो तो नंतर झाला, १९६४ मध्ये तीन डोक्यांच्या घिडोराशी लढायची वेळ आली तेव्हापासून हळूहळू. १९६२ चा जपानी प्रेक्षक काँगच्या बाजूने बसला होता, आणि सिनेमाने त्याला तसंच बसवलं होतं.

बरं, सहन झालं नसतं म्हणे. जपानमध्ये ११ ऑगस्ट १९६२ ला हा लागला आणि एक कोटीहून जास्त तिकिटं विकली गेली. थिएटरमध्ये इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच गॉडझिला सिनेमाला आलेली नाहीत, आजपर्यंत नाहीत. त्या कोटीभर लोकांनी काँगला पोहत जाताना बघितलं आणि शांतपणे घरी गेले. पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, हा सिनेमा काढणाऱ्या त्याच तोहो ह्या जपानी कंपनीने काँगला घेऊन आणखी एक सिनेमा काढला, गॉडझिला त्यात नाहीच, काँग पुन्हा चांगल्या बाजूचा, समोर एक यांत्रिक काँग, आणि शेवटी हा पुन्हा पोहत आपल्या बेटावर. राष्ट्राभिमान दुखावलेली माणसं असं करतात होय?

आणि सिनेमात थट्टा कुणाची आहे ते तरी बघा. एक औषध कंपनी आहे, तिचे साहेब ताको, ते ज्या टीव्ही कार्यक्रमाला पैसे देतात तो कुणी बघत नाही म्हणून वैतागलेले, तर टीआरपी वाढवायला ते दूरच्या बेटावरून एक राक्षसच आणायला माणसं पाठवतात. काँग आणतात कशाला, तर जाहिरातीला! दुसरीकडे गॉडझिला सगळ्या पेपरांत झळकतोय म्हणून हे साहेब चिडतात, आपला राक्षस मागे पडला म्हणून. दिग्दर्शक इशिरो होंडा ह्यांचा सगळा रोख टीव्हीच्या त्या रेटिंगच्या रेसवर होता. जपानी माणसं जपानी धंदेवाल्यांना हसतायत, आणि आमचा फॉरवर्ड म्हणतो अभिमान दुखावला. १९६२ मध्ये त्यांनी ज्याची टर उडवली ते आपल्याकडे आज रोज रात्री नऊ वाजता चालू असतं, पण ते जाऊ दे.

गंमत म्हणजे ताकोंचा पूर्ण रंग अमेरिकन व्हर्जनमध्ये दिसत नाही, तिथे विनोदाला बरीच कात्री लागलीय. म्हणजे ज्याने हा मुद्दा लिहिला त्याने जपानी बघितलेला नाही हे नक्की, आणि माझी पैज आहे अमेरिकनही नाही.

तिसरा मुद्दा, डरकाळीचा. फॉरवर्ड म्हणतो की जपानी व्हर्जनच्या शेवटी गॉडझिलाची डरकाळी ऐकू येते, म्हणजे तो जिंकला.

इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय, नाइलाज आहे. डरकाळी आहे. काँग पोहत लांब गेला, पडद्यावर 'समाप्त'चं जपानी अक्षर आलं, आणि मागे दोघांच्याही डरकाळ्या ऐकू येतात. दोघांच्याही. अमेरिकन व्हर्जनमध्ये फक्त काँगची ठेवलीय. फरक खरा आहे, मान्य. पण ह्यावरून गॉडझिला जिंकला म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. नाटक संपल्यावर सगळे नट पडद्यासमोर येऊन नमस्कार करतात ना, त्यात व्हिलनही येतो, म्हणून काय नाटकात व्हिलन जिंकला? फार तर एवढं म्हणा की जपानी व्हर्जन सांगतं, हा मेला असेलच असं नाही. ते बरोबरच आहे, मेला नव्हताच, १९६४ मध्ये मॉथ्रा नावाच्या राक्षसी पतंगकिड्याबरोबरच्या सिनेमात तो चिखलातून पुन्हा वर येतो.

आणखी एक अर्धं सत्य मी स्वतःहून देते, फॉरवर्डवाल्याला तेही सुचलेलं नाही. पहिल्या भेटीत गॉडझिलाच वरचढ ठरतो. तो आगीचा झोत सोडतो, काँगची छाती भाजते, आणि काँग डोकं खाजवत सरळ मागे फिरतो. दुसऱ्या वेळीही काँग बेशुद्ध पडलेला असतो, वीज कडाडून अंगावर पडते तेव्हा उठतो, कारण ह्या सिनेमात त्याला विजेने ताकद येते. (१९३३ च्या काँगला असलं काही नव्हतं. उंचीही वाढवलीय, ४५ मीटर, नाहीतर ५० मीटरच्या गॉडझिलासमोर तो गुडघ्यापर्यंतसुद्धा आला नसता.) तेव्हा वीज नसती तर काय, हा वाद घाला, जरूर घाला, भाचा आणि मी तासभर घातला होता. वीज पडल्यावर काँग गॉडझिलाच्या तोंडात अख्खं झाड कोंबतो, त्या सीनला आम्ही तीनदा मागे गेलो.

चौथा मुद्दा म्हणजे 'मूळ जपानी प्रिंट दाबून ठेवली, बंदी घातली'. बंदी वगैरे काही नाही. अमेरिकेतले हक्क युनिव्हर्सलकडे होते आणि त्यांनी तिथे आपलंच व्हर्जन चालवलं, बाकी धंद्याचा मामला. हां, मूळ निगेटिव्हची वाट लागली हे खरं, पण ती लावली खुद्द तोहोनेच. १९७० मध्ये मुलांच्या सुट्टीतल्या खास शोसाठी त्यांनी सिनेमा कापून ७४ मिनिटांवर आणला आणि कापाकापी थेट मूळ निगेटिव्हवर केली. कॉपी काढून तिच्यावर करावी एवढंही सुचलं नाही. मग पूर्ण सिनेमा दाखवताना कापलेला भाग दुसरीकडच्या निकृष्ट फिल्मवरून जोडायचे, चित्र मध्येच फिकट व्हायचं. २०१६ मध्ये तो नीट साफसूफ करून पूर्ण उभा केला. त्यात गॉडझिला जिंकल्याचा एक फूटही सापडलेला नाही.

मग अमेरिकनांनी बदललं काय? भरपूर बदललं, म्हणून तर लोकांचा ह्या थापेवर विश्वास बसतो. निर्माता जॉन बेक, सिनेमा तिकडे लागला १९६३ मध्ये. संयुक्त राष्ट्रांचा एक बातमीदार टेबलामागे बसवला, तो मधूनमधून येऊन प्रेक्षकांना समजावतो की आत्ता काय झालं, जोडीला एक शास्त्रज्ञ. अकिरा इफुकुबेंचं संगीत, काय संगीत आहे ते, बहुतेक सगळं काढून टाकलं आणि स्टुडिओत पडलेल्या जुन्या सिनेमांचे तुकडे लावले. शेवटचा भूकंप कमी वाटला म्हणून तोहोच्याच १९५७ च्या दुसऱ्या एका सिनेमातली पडझड उचलून चिकटवली. म्हणजे शेवटच्या काही मिनिटांत फरक आहे, पण तो धुरळ्याचा, निकालाचा नाही. आणि बेकसाहेबांनी नवीन जे शूट केलं ते सगळं माणसं बोलतायत एवढंच आहे. राक्षसांची नवी मारामारी नाही.

पाचवा मुद्दा मला सोडता येत नाही. 'पहिल्या गॉडझिलातही असंच, जपानी शेवटी तो जिवंत राहतो, अमेरिकन शेवटी मरतो.'

मरतो हो, दोन्हीकडे मरतो. १९५४ च्या मूळ सिनेमात डॉ. सेरिझावा ऑक्सिजन डिस्ट्रॉयर घेऊन समुद्रात उतरतो, गॉडझिलाचा सांगाडा होतो, आणि हे हत्यार पुन्हा कुणाच्या हाती पडू नये म्हणून सेरिझावा स्वतःची हवेची नळी कापून तिथेच राहतो. १९५६ ला रेमंड बर नावाचा नट मध्ये घुसवून अमेरिकन व्हर्जन केलं, त्यातही गॉडझिला मरतोच.

पण शेवट बदललाय. कोण मेलं त्यात नाही, नंतर कोण काय बोलतं त्यात. जपानी सिनेमात म्हातारे डॉ. यामाने जहाजावर खिन्न बसून म्हणतात की हा शेवटचा गॉडझिला असेल असं मला वाटत नाही, अणुचाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कुठेतरी आणखी एखादा येईल. १९५४ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला होता, त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती, खलाशी आजारी पडले होते, त्यातला एक सप्टेंबरात गेला, आणि नोव्हेंबरात हा सिनेमा लागला. थिएटरमधल्या प्रत्येकाला कळत होतं म्हातारा कशाबद्दल बोलतोय. अमेरिकन व्हर्जनमध्ये ते वाक्य नाही. तिथे रेमंड बरचा आवाज येतो की संकट टळलं, आता जग पुन्हा सुखाने जगू शकेल.

ध चा मा करावा तर असा. कुणाचा मुडदा पडला ते तसंच ठेवायचं आणि त्याचा अर्थ काढून घ्यायचा. लपवलेलं सत्य हवं होतं ना फॉरवर्डवाल्या भाऊंना? हे घ्या, समोर पडलंय. पण त्यांना पॉइंट टेबल हवं, कोण जिंकलं, कोण हरलं, आपला का त्यांचा. ह्या फालतू अफवेवर माझा खरा राग एवढ्यासाठी आहे. व्हर्जन बदलतात म्हणजे विजेता बदलतो असं एकदा डोक्यात बसलं की प्रत्यक्षात काय बदललं तिकडे कुणी बघतच नाही.

सहावा मुद्दा ऑक्टोपसचा, आणि हा वाचून मी हातातला फोनच ठेवला, कारण हा चक्क निम्मा बरोबर आहे! १९६५ चा तोहोचा फ्रँकेन्स्टाइनचा सिनेमा, फ्रँकेन्स्टाइन आणि बारागॉन नावाच्या राक्षसाची मारामारी. त्याचा दुसरा शेवट खरोखर शूट झालेला आहे. नेहमीच्या शेवटी जमीन खचते आणि ती फ्रँकेन्स्टाइनला गिळते, दुसऱ्यात अचानक कुठूनतरी एक भलाथोरला ऑक्टोपस येतो, डोंगरात, हो, डोंगरात, आणि त्याला ओढून तळ्यात नेतो. फॉरवर्ड म्हणतो हा जपानी शेवट आणि अमेरिकनांनी तो दडवला. उलटं आहे काका. अमेरिकन भागीदाराला 'काँग व्हर्सेस गॉडझिला'तला ऑक्टोपस भारी आवडला होता, म्हणून त्यांच्याच आग्रहाखातर तो शूट केला, आणि मग त्यांनीच तो थिएटरमध्ये वापरला नाही. पुढे तो जपानी होम व्हिडिओवर लोकांना बघायला मिळाला. मी बघितलाय, नसता बघितला तरी चाललं असतं.

तेव्हा दोन शेवटांची गोष्ट अगदी हवेतून आलेली नाही, फक्त सिनेमा चुकीचा पकडलाय. तसंच १९६४ च्या मॉथ्राच्या सिनेमात अमेरिकन जहाजं गॉडझिलावर क्षेपणास्त्रं सोडतात तो सीन तोहोने फक्त अमेरिकेसाठी केला होता, जपानी व्हर्जनमध्ये तो नाहीच. असल्या गोष्टी घालायच्या ना फॉरवर्डमध्ये.

खाली एक ओळ होती की २०२१ च्या 'गॉडझिला व्हर्सेस काँग' सिनेमाचेही देशानुसार शेवट वेगळे आहेत. तो आपल्याकडे २४ मार्चला अमेरिकेच्याही आधी लागला, जगभर एकच शेवट आहे, पुढे चला.

हे सगळं मी थोडं सौम्य करून काकांना पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. शेवटी उत्तर आलं: 'माहिती छान आहे, पण गॉडझिला मेला नाही हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे सामना बरोबरीत धरायला हवा.'

मी भाच्याला वाचून दाखवलं. तो जेवताजेवता म्हणाला, मग अडीच मार्क द्या म्हणावं.